प्रश्नावलीच्या आधी

फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बोस्टनमध्ये ‘व्होकेशन ब्यूरो’ उघडला तो नॉर्थ एंडमध्ये, स्थलांतरितांच्या वस्तीत. म्हणजे आपल्या करिअर-समुपदेशनाच्या व्यवसायाचा पायाच मुळी परमुलखातून आलेल्या घरांतल्या तरुणांसमोर बसून घातला गेला. तरीही आपल्या प्रशिक्षणवर्गांत सांस्कृतिक विविधतेचा तास शेवटी, वेळ उरला तर होतो. गंमतच आहे.

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातली दहावीतली मुलगी समोर बसली आहे असे धरू. दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्याकडे निघाले की पुढचे पाच-सहा महिने आजी आणि धाकटी भावंडे तिच्या भरवशावर. मुकादमाची उचल किती फिटली, किती अंगावर राहिली, हेही तीच वहीत लिहिते. हॉलंड यांच्या सहा गटांवर बेतलेली आवड-चाचणी तिला विचारते, काय करायला आवडेल? ती पानभर ‘सांगता येत नाही’वर खुणा करते. आलेख सपाट येतो आणि आपण अहवालात ‘आवडी अविकसित’ असे लिहून मोकळे होतो.

असा अहवाल देऊ नये. जे काम करावेच लागते, ते आवडते की नाही हे तिला आजवर कोणी विचारलेलेच नसते. त्याऐवजी दिवसभर काय काय करतेस, शेजारपाजारचे कशासाठी तुझ्याकडे येतात, असे विचारून पाहा. हिशेब, आजाऱ्याची देखभाल, दुकानदाराशी घासाघीस, सारे भराभर बाहेर येते. मेळघाटातल्या कोरकू मुलासमोर ठेवलेली मराठी प्रश्नावली तर त्याच्या घरच्या भाषेतलीही नसते. तिथे गुणांकनाला किती वजन द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मामा किंवा थोरला भाऊ सोबत आला की ‘घरच्यांचा दबाव’ अशी नोंद करण्याची आपल्याला घाई असते. पुण्या-मुंबईची फी आणि खोलीभाडे बहुधा तोच भरणार असतो. त्याला बाहेर बसवून झालेला निर्णय घरी पोचेपर्यंतही टिकत नाही.

मात्र उलट टोकाची चूक मला अधिक सलते. आदिवासी मुलगा म्हणजे पोलीस भरती, मुस्लिम मुलगी म्हणजे शिक्षिका, असा सल्ला ‘त्यांच्या संस्कृतीला धरून’ म्हणून दिला जातो. हा निव्वळ आळस आहे. मुलाला खगोलशास्त्र हवे असेल, तर त्याची वाट शोधणे हेच आपले काम.

ती वाट बरेचदा कागदपत्रांतून जाते. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्याने हातचा प्रवेश गेलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना अनुसूचित जमातींसाठी ‘स्वयम्’ आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ‘स्वाधार’ या योजना आहेत. त्यांच्या अटी समुपदेशकाला तोंडपाठ हव्यात. वैधतेचा अर्ज अकरावीतच करायला लावा. पहिल्या भेटीच्या आपल्या नमुना-अर्जात या गोष्टींसाठी रकाना आहे का? असल्यास तो अर्ज आमच्याकडे पाठवा, पुढील अंकात छापू.