मागच्या आसाचे दात आणि उसाचे दाम

गळिताचा हंगाम जवळ आला म्हणजे आपल्या ऊसपट्ट्यात मालमोटारी खरेदीची बोलणी सुरू होतात. कोणी स्वतःचा ऊस वाहण्यासाठी, तर कोणी कारखान्याशी वाहतुकीचा करार करण्यासाठी, जमीन तारण ठेवून गाडी घेतो. खरेदीच्या वेळी इंजिनाचे अश्वबल विचारले जाते, टायर दाबून पाहिले जातात, हौद्याची लांबी मोजली जाते. परंतु मागच्या आसातील क्राऊन व पिनियन या चक्रांना दात किती, असे विचारणारा गृहस्थ क्वचितच आढळतो. ओझे ओढणाऱ्या डिझेल गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विषय अवघड नाही. इंजिनाचे फिरणे गिअरपेटीतून लांब दांड्याने मागच्या आसाकडे येते. तेथे लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरविते. क्राऊनला ४१ व पिनियनला ६ दात असतील, तर चाकाच्या एका फेरीस दांड्याच्या ६.८३ फेऱ्या लागतात. पिनियनला ७ दात असतील, तर ५.८६. पहारेने धोंडा हलविताना हात टोकाशी धरला तर जोर कमी लागतो, पण हात लांबवर न्यावा लागतो. तोच न्याय येथे आहे. या दोहोंपैकी मोठ्या आकड्याच्या आसाने ओढ एक-षष्ठांशाने वाढते, आणि त्याच वेगासाठी इंजिनाच्या फेऱ्याही एक-षष्ठांशाने वाढतात. ओढ फुकट मिळत नाही.

आता हिशोब पाहू. चाकाचा घेर सुमारे ३.२ मीटर धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगास चाक मिनिटाला सुमारे २०८ फेऱ्या घेते. गिअरपेटीचा वरचा गिअर सरळ, म्हणजे एकास एक, असेल तर ६.८३ च्या आसाने इंजिन सुमारे १४२० फेऱ्यांवर चालेल आणि ५.८६ च्या आसाने १२२० वर. पुष्कळशा मध्यम मालमोटारींच्या इंजिनाचा जोर १२०० ते १६०० फेऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक असतो. म्हणजे पहिली गाडी जोराच्या मध्यावर आहे, तर दुसरी काठावर. थोडा चढ लागताच ती जोराच्या खाली घसरते आणि चालकास गिअर बदलावा लागतो. ताशी ६० किलोमीटरला मात्र पारडे फिरते. पहिलीचे इंजिन २१३० च्या वर जाऊन नाहक डिझेल जाळते, दुसरी १८३० वर सुखाने चालते.

चढाचे गणितही ध्यानी घ्यावे. दोन आसांच्या मालमोटारीची एकूण वजनमर्यादा २०१८ साली १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेण्यात आली. एवढ्या वजनास वीसास एक असा चढ चढविण्यासाठी, रस्त्याचा अडथळा सोडून, ९२५ किलोंची ओढ लागते. शिवाय आपली गाडी भरते ती डांबरी सडकेवर नव्हे, काळ्या रानातील गाडीवाटेवर. तेथून भरलेली गाडी हलविताना खालच्या गिअरची ओढ अपुरी पडली, की चालक क्लच अर्धवट दाबून धरतो, आणि जळते ती क्लचप्लेट.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या एका आप्ताने जुनी मालमोटार घेतली, तेव्हा सल्लागार म्हणून आम्हीच सोबत होतो. आमची सारी नोकरी महसूल खात्यात गेली. तोंडी सांगण्यावर फेरफाराची नोंद आम्ही कधी धरली नाही. त्या दिवशीही नोंदणीपुस्तक, विमा व कर यांचे कागद बारकाईने तपासले. परंतु "गाडी लांबच्या सडकेची आहे, डिझेल कमी पिते" हे विक्रेत्याचे म्हणणे तसेच मान्य केले. पहिल्याच हंगामात दोनदा क्लचप्लेट जळाली, खेपा बुडाल्या, आणि बँकेचा हप्ता थकला. आस उघडला तेव्हा पिनियनचे सात दात दिसले. विक्रेता खोटे बोलला नव्हता. गाडी लांबच्या सडकेचीच होती. विचारावयाचे आम्हीच विसरलो.

जुनी गाडी घेताना आस उघडण्याचीही गरज नाही. सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावून, मागची एकच बाजू उचलून नीट टेकू द्यावा. गिअर काढून व हातब्रेक सोडून ती बाजू हाताने पुऱ्या दोन फेऱ्या फिरवावी, आणि लांब दांड्याच्या फेऱ्या मोजाव्या. त्या पावणेसातच्या वर भरल्या तर आस ओढीचा, सहाच्या आत राहिल्या तर सडकेचा. आस बदलणे भाग पडले तर क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलावी. त्यांचे दात एकमेकांशी जुळवून बसविलेले असतात.

मोठा आकडा सर्वांनीच घ्यावा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. ज्याची वाहतूक सपाट हमरस्त्याने दूरच्या बाजारास आहे, त्याने लहान आकडाच घ्यावा. शिवाय नुसत्या आसावर भागत नाही. वरचा गिअर एकाहून कमी प्रमाणाचा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, असेल तर मोठ्या आकड्याची गाडीही सडकेवर निवांत धावते; उलट टायर मोठे घातले तर ओढ तेवढी घटते. आणि मोठा आकडा म्हणजे जादा भरण्याचा परवाना नव्हे. त्याने उतारावर इंजिनाचा रोध वाढतो हे खरे, पण ब्रेक होते तेवढेच राहतात.

ज्यांची स्वतःची गाडी नाही त्यांनीही हा विषय परका मानू नये. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ठरणारा दर कारखान्याच्या दारातील उसाचा असतो. आपल्या राज्यात तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होऊन बाकी आपल्या हाती पडते. खोळंबलेल्या गाडीमागे तोडलेला ऊस फडात वाळतो आणि वजन घटते, तेही आपलेच.

सबब आमची सूचना अशी की, गाडी घेणाऱ्या प्रत्येक सभासदाने दरपत्रकावर आसाचे प्रमाण, गिअरपेटीची प्रमाणे व टायरचे माप लिहून घ्यावे, आणि संस्थेनेही कर्जासाठी शिफारस करताना हा कागद मागावा. जो विक्रेता हे आकडे लिहून देण्यास कचरतो, त्याच्या दारातून परत फिरावे. सातबारा न पाहता आपण जमीन घेत नाही. मग दात न मोजता मालमोटार का घ्यावी?