व्हिडिओ कॉलवर शिक्का, उपचाराचं काय?

वस्तीतल्या मुलांची स्वमग्नता व्हिडिओ कॉलवर तपासायला माझी हरकत नाही. तपासून हात झटकण्याला आहे.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची 'एम-चॅट-आर' ही २० प्रश्नांची यादी अमेरिकेत तयार झाली. मूल फर्निचरवर, जिन्यावर चढतं का, असं ती विचारते. पत्र्याच्या एका खोलीत जिना कुठला? आई 'नाही' म्हणते, गुण वाढतो. ३ ते ७ गुण आले तर पुन्हा सविस्तर विचारायचं असतं. मी हजर होते त्या शिबिरात नेमकं तेच गाळलं. वर पडद्यावरचे डॉक्टर आईला म्हणाले, "तुमच्यात मुलांशी बोलतच नाहीत का?" 'तुमच्यात' म्हणजे कुणात, साहेब?

(ती माउली दिवसभर त्या लेकराशीच बोलत असते.)

पुढचं बोला. थेरपी जिल्ह्याच्या गावाला. दर खेपेला एसटीचं भाडं, शिवाय दिवसाची मजुरी बुडणार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, म्हणजे आम्ही भीक मागत नाही. ज्या कॉलवर संशय नोंदवता, त्याच कॉलवर प्रत्यक्ष तपासणीची तारीख द्या, जाण्यायेण्याचा खर्च द्या, आणि प्रश्न आईच्या बोलीत विचारणारी वस्तीतलीच आशाताई शेजारी बसवा.