टेस्टटूचं बारसं

संपादकांनी मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी नाइन की एटी नाइन, हे मला अजून मनात मोजून बघावं लागतं. पण जे सांगायचंय ते लॅबमधल्या काकांनीही वाचावं असं वाटतं, आणि इंग्लिश विभाग ते उघडतसुद्धा नाहीत. म्हणून मराठीत. चुका पोटात घाला.

तर मित्रहो, आपल्या लॅबचा सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि त्याची डिस्क एलव्हीएमने वाटलेली आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी : एकत्र कुटुंबाची जमीन डोळ्यांसमोर आणा. दोन-तीन हार्डडिस्क एका खात्यात घालायच्या, त्या खात्याला म्हणायचं व्हॉल्युम ग्रुप. मग त्यातून ज्याला जेवढी लागेल तेवढी वाटणी काढून द्यायची, ती लॉजिकल व्हॉल्युम. वाटणी नंतर वाढवताही येते, आणि भाऊबंदकी होत नाही! लिनक्ससाठी हे पहिल्यांदा हाइन्झ मावेल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिहिलं, एचपी-यूएक्समधल्या अशाच व्यवस्थेच्या धर्तीवर.

प्रत्येक वाटणीला नाव लागतं, आणि इथेच सगळी गंमत आहे. २००० च्या दशकातला रेड हॅट आणि फेडोराचा इन्स्टॉलर स्वतःहून 'लॉगव्हॉल००' असं नाव द्यायचा, म्हणजे मुलाचं नाव 'मुलगा शून्य शून्य' ठेवण्यासारखं. आपले सिनियर त्याहून पुढचे. आपल्या सर्व्हरवर एका व्हॉल्युमचं नाव होतं 'टेस्टटू'. कुणी तरी कधी तरी टेस्टिंगसाठी काढला असणार, मग त्यात जागा दिसली म्हणून फायनल इयरचे प्रोजेक्ट ठेवायला लागले, आणि बघता बघता तीन बॅचचं काम त्यात जमा झालं. नाव मात्र टेस्टटूच.

मागच्या सेमिस्टरला डिस्क भरत आली तेव्हा सेकंड इयरचा एक मुलगा मला म्हणाला, ''ताई, टेस्टटू उडवून टाकू का? टेस्टच आहे ना?'' त्याने विचारायच्या आधी एलव्हीरिमूव्ह मारून बघितलंही होतं! व्हॉल्युम माउंट होता म्हणून कमांडने नकार दिला, आणि तो आता अनमाउंट करायच्या बेतात होता. माझ्या पोटात गोळा आला. त्या मुलाची चूक मी मानत नाही. ज्या डब्यावर 'कचरा' लिहिलंय तो कुणी रिकामा केला तर दोष लिहिणाऱ्याचा.

मग शनिवारी दुपारी मी टेस्टटूचं बारसं केलं. कमांड एवढीशी आहे : एलव्हीरिनेम, पुढे ग्रुपचं नाव, पुढे जुनं नाव, पुढे नवं नाव. एंटर. नवं नाव 'प्रोजेक्ट्स'. सर्व्हर बंद करावा लागला नाही, व्हॉल्युम अनमाउंटसुद्धा करावा लागला नाही, फाइल उघडून बसलेल्या कुणाला काही कळलंही नाही. (देवनागरीत 'प्रकल्प' लिहायचं मनात होतं, पण एलव्हीएमच्या नावात फक्त इंग्लिश अक्षरं, आकडे आणि चार चिन्हं चालतात. ईएक्सटीफोर फाइलसिस्टीमच्या लेबलमध्ये देवनागरी बसते, पण तिथे जागा १६ बाइटची आणि आपलं एकेक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार ३ बाइटचा. हिशोब केला तर 'कराड' मावतं. माझं गाव 'उंब्रज' १८ बाइट होतं, म्हणजे मावत नाही. हा अन्याय आहे.)

१९ दिवस सगळं सुरळीत चाललं. विसाव्या दिवशी पहाटे लाईट गेली, यूपीएसने दगा दिला, आणि सर्व्हर पुन्हा चालू झाला तो स्क्रीनवर दीड मिनिट कुणाची तरी वाट बघत बसला. वाट बघत होता टेस्टटूची! ९० सेकंद झाल्यावर त्याने हात टेकले आणि इमर्जन्सी मोडमध्ये गेला. त्या दिवशी सबमिशन होतं.

कारण साधं आहे. बूट होताना काय काय कुठे जोडायचं ते एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि तिथे अजून जुनंच नाव होतं. एलव्हीरिनेम आपल्या खात्यातली नोंद बदलतं. एफएसटॅबमध्ये, तुमच्या स्क्रिप्टमध्ये, तुमच्या वहीत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चालू मशीनवर हे कळतही नाही, कारण एकदा जोडलेला व्हॉल्युम जोडलेलाच राहतो. माउंटच्या यादीत तर जुनंच नाव दिसत राहतं.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला हात जड होतोय. सकाळी सर आले आणि काकांना बोलले. काल लॅब बंद करताना तुम्ही काय हलवलंत, असं सगळ्यांसमोर. काका म्हणाले, ''नाही सर, मी हातच लावला नाही.'' मी मागे उभी होते. मला तोपर्यंत कळलं होतं. तरी मी जवळजवळ अर्धा तास गप्प राहिले. शेवटी सरांना सांगितलं, एफएसटॅबमधला एक शब्द बदलला, मनात उंब्रजच्या मारुतीला नारळ बोलले आणि माउंट केलं. सगळ्या फाइल जागेवर होत्या. एका शब्दाचं काम होतं.

पण खरा धक्का दुपारी बसला. रात्रीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट रोज टेस्टटूचा स्नॅपशॉट काढायला जायची, टेस्टटू नाही म्हणून गुपचूप परत यायची, आणि तिची तक्रार ऐकायला कुणी नव्हतं, कारण आम्हीच तिचा आउटपुट फेकून देत होतो. म्हणजे १९ रात्री तीन बॅचच्या कामाचा एकही बॅकअप नाही. त्या पहाटे डिस्कच गेली असती तर?

सिनियर म्हणतात, एफएसटॅबमध्ये नाव लिहूच नका, यूयूआयडी लिहा, तो नाव बदललं तरी बदलत नाही. बॉम्बेचं मुंबई १९९५ मध्ये झालं, पण विमानतळाचा कोड अजून बीओएमच आहे, तसं. ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. एक तर तो ३२ आकडे-अक्षरांचा नंबर बघून रात्री दोन वाजता कुणाला काही कळणार नाही. दुसरं म्हणजे एलव्हीएमचा स्नॅपशॉट काढला की त्यात मूळ फाइलसिस्टीमचा यूयूआयडी जसाच्या तसा येतो. एका नंबरचे दोन धनी. एलव्हीएम वापरायचं तर नावानेच हाक मारावी, आणि नाव असं ठेवावं की आत काय आहे ते कळेल.

आणि नाव बदलायचं तर बदलावं, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त आधी शोधावं की त्या नावाने हाक कोण कोण मारतं. ईटीसी फोल्डरमध्ये ग्रेप मारायला मिनिटही लागत नाही. क्रॉनच्या स्क्रिप्ट बघाव्यात. एफएसटॅब बदलल्यावर फाइंडमाउंट व्हेरिफाय चालवावं, चूक तिथेच दिसते. रूट किंवा स्वॅपचा व्हॉल्युम असेल तर ग्रबमधली ओळसुद्धा बदलायची, नाहीतर मशीन एफएसटॅबपर्यंतही पोचणार नाही. आणि शेवटी, सगळे हजर असताना, दिवसाउजेडी, एकदा रीबूट. हे मी केलं नाही. १९ दिवसांनी लाईटने माझ्या वतीने केलं.

या दिवाळीत घरी गेले होते तेव्हा ताई आली होती. गेल्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, पाच मिनिटांत रिनेम. तेव्हापासून ती बँक, पॅन, आधार असं फिरतेय. मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं. नोकरीसाठी कागदपत्रं तपासायला गेली तर तिला दोन तास बसवून ठेवलं. ताई तीच आहे हो! तिने नाव बदलावं की नाही हे तिचं ती ठरवेल, पण तांदळात नाव लिहायला जेवढी माणसं जमली होती त्यातलं एकही बँकेच्या रांगेत तिच्याबरोबर नव्हतं. मीसुद्धा नव्हते. मी हॉस्टेलवर टेस्टटूचं बारसं करत होते.

आमच्या गावावरून जाणाऱ्या हायवेचा नंबर २०१० मध्ये ४ चा ४८ झाला. आमचे आजोबा अजून त्याला बंगलोर रोडच म्हणतात, आणि ते बंगलोरही २०१४ पासून बंगळूरू आहे. पण कुणी रस्ता चुकत नाही, कारण ऐकणाऱ्याला दोन्ही नावं माहीत असतात. मशीनला माहीत नसतात.

काकांची मी माफी मागितली. ते म्हणाले, ''जाऊ दे गं पोरी, सापडलं ना सगळं.'' आता सर्व्हरशेजारी एक वही लटकवलीय, काय बदललं आणि कुठे कुठे बदललं ते लिहायला. पहिल्या पानावर माझी नोंद आहे, तारखेसकट. काका मात्र परवाच एका मुलाला सांगत होते, ''प्रोजेक्ट झाला का? मग टेस्टटूवर टाकून दे.''