पावातला पाय

पदवीच्या वर्गात व्युत्पत्तीचा पाठ आला की आम्ही दोघेही फळ्यावर एकच शब्द लिहितो : पाव. नाशिकच्या मुलांना तो मिसळीमुळे पहिला आठवतो. मग कोणी ‘पाव किलो’ म्हणते, आणि थोड्या वेळाने मागच्या बाकावरून ‘देवी पाव’ असे उत्तर येते. एका अक्षरानेही न बदलणारे हे तीन शब्द, पण त्यांची घराणी तीन. एवढे सांगून आम्ही पुढे जाणार, तोच दरवर्षी एक हात वर होतो : “सर, पाव पायाने मळतात ना, म्हणून त्याला पाव म्हणतात.” वर्ग हसतो. यंदा हेच उत्तर आम्हाला परीक्षेच्या पेपरातही सापडले, आणि प्राध्यापक-कक्षात एका विद्वान सहकाऱ्यांनी त्याची बाजू घेतली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी घराणी पाहू. ‘पाव किलो’तला पाव हा संस्कृत ‘पाद’ शब्दाचा वंशज. चार पायांपैकी एक, म्हणून चौथा हिस्सा. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, ‘पाऊण’ म्हणजे पाद-ऊन. चार आण्यांची पावली आणि जुन्या शाळांतली पावकी ही याच कुळातली. ‘देव पावला’ यातले क्रियापद ‘प्राप्’ या धातूकडून प्राकृतमार्गे आले. पैसे पावल्याची खूण ती ‘पावती’ याच घरातली. मिसळीबरोबरचा पाव मात्र पोर्तुगीज ‘पांव’, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’. बटाटा, चावी, पगार, घमेले ज्या वाटेने आले त्याच वाटेने तोही आला. गोव्यात पोर्तुगीज १५१० पासून होते, वसईत १५३४ ते १७३९. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीजच शब्द.

पायाच्या उपपत्तीला एक साधी कसोटी लावता येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानातही पोचले आणि जपानी भाषेत पावाला ‘पान’ म्हणू लागले. जपानी माणसाला मराठी ‘पाय’ ठाऊक असण्याचे कारण नाही. काही भट्ट्यांत पीठ पायाने तुडवले जात असेलही, पण त्यावरून लिस्बनमधल्या शब्दाची व्युत्पत्ती लागत नाही. गंमत अशी की पाय शोधायचाच असेल तर तो पावशेरात आहे, लादीपावात नाही.

ध्वनिसाम्य फसवे असते, अर्थसाम्य जोडीला आले तर अधिकच. मलेशिया-सिंगापुरात सारण भरून उकडलेल्या गोळ्याला ‘पाउ’ म्हणतात. पोर्तुगीज मलाक्कापर्यंत गेले होते हे ज्याला माहीत आहे तो लगेच नाते जुळवील, पण तो शब्द चिनी आहे, ‘बाओ’चा भाऊबंद. खुद्द पोर्तुगीजमध्ये नाकातला उच्चार गळाला की ‘पाउ’ म्हणजे लाकूड. ब्राझील देशाला नाव मिळाले ते अशाच एका लाकडावरून.

मग हे पायाचे खूळ इतके चिवट का? आमच्या मते ती केवळ चूक नाही. पाव हा आपल्याकडे बराच काळ बाटवणारा पदार्थ होता. पाव टाकलेल्या विहिरीचे पाणी प्यायल्याने अख्खे गाव बाटल्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य झाले. जो पदार्थ परक्या हातचा, तो पायाखालचा ठरवणे सोपे जाते. विटाळ गेला, व्युत्पत्ती मागे राहिली. आमचा विद्यार्थी निरागस आहे, त्याच्या तोंडचे वाक्य तसे नाही.

याच्या उलटचे उदाहरण व्याकरणाच्याच दालनातले आहे. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे १८४९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या परमहंस सभेच्या संस्थापकांपैकी. या गुप्त सभेत प्रवेश घेणाऱ्याने जातिभेद मानत नाही याची खूण म्हणून परधर्मीयाच्या हातचा पाव खायचा असे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटल्याचे कळले आणि भीतीने सभा मोडली. घासभर पावाला तेव्हा एवढी किंमत होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्हालाही आनंद झाला. पण तेव्हापासून प्रत्येक शब्दाला जुने, शुद्ध कूळ चिकटवण्याची घाई वाढलेली दिसते. आमचे म्हणणे एवढेच, की शब्दाला कूळ विचारावे ते त्याचा प्रवास कळावा म्हणून, पंगतीत त्याचा पाट कुठे मांडायचा हे ठरवण्यासाठी नव्हे. ‘पाद’, ‘प्राप्’ आणि ‘पानिस’ या तिघांना एका उच्चारात सामावून घेऊनही मराठी बोलणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. ‘पाव किलो पाव द्या’ म्हटले तर दुकानदार हसेल, पण त्याला कळेल.

त्या उत्तराला आम्ही शून्य गुण दिले. पुढच्या तासाला मात्र दादोबांची गोष्ट वर्गात सांगितली. त्या दिवशी पायाचा विनोद कोणी केला नाही.