बटण आणि चिठ्ठी

नायट्रस ऑक्साइड या वायूची साहित्याशी गाठ पडली ती मोटार जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. १७९९ साली ब्रिस्टलच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही हा विशीतला रसायनज्ञ हा वायू स्वतः हुंगत होता आणि मित्रांनाही हुंगवत होता. त्या मित्रांत साउदी होता, कोलरिज होता. रोमँटिक काव्यावर लिहिणाऱ्यांना हा प्रसंग फार प्रिय आहे, कारण तो सोयीचा आहे. एक दीर्घ श्वास घ्यावा आणि चित्तवृत्ती उचंबळून याव्यात, ही प्रतिभेची कल्पना त्यात आयतीच सापडते. पुढच्याच वर्षी वर्ड्‌स्वर्थने याच डेव्हीला 'लिरिकल बॅलड्‌स'च्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून विरामचिन्हे सुधारण्याची विनंती केली, ही हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. आम्हांस दुसरी हकीकत अधिक बोलकी वाटते.

असे वाटण्याचे कारण ड्रॅग रेसिंग हे आहे. साहित्याच्या वाचकाला हा विषय परका वाटेल याची आम्हांस कल्पना आहे. सरळ पट्ट्यावर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, दोन गाड्यांनी शेजारी शेजारी धावावे, एवढाच हा खेळ. अमेरिकेत तो १९५० च्या सुमारास विमानतळांच्या धावपट्ट्यांवर रुजला. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात तो खेळला गेला आहे. यातल्या काही गाड्यांत नायट्रसची बाटली असते. त्या बाटलीविषयी सर्वसाधारण समज घडवला तो २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस' या चित्रपटाने. नायक बटण दाबतो, संगणकाच्या पडद्यावर मॅनिफोल्डला धोका असल्याची सूचना झळकते, गाडीच्या तळाचा पत्रा निखळून पडतो. सारे नाट्य त्या बटणात साठवलेले. कोलरिजच्या श्वासाचीच ही यांत्रिक आवृत्ती म्हणावी लागेल.

वस्तुस्थिती निराळी आहे. हा वायू स्वतः जळत नाही. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये सुमारे ३६ टक्के. इंजिनातल्या उष्णतेने रेणू फुटला की तो मोकळा होतो आणि अधिक पेट्रोल जाळू शकतो. म्हणजे ताकद येते ती पेट्रोलातून, आणि ते त्या प्रमाणात वाढवले नाही तर तोच ऑक्सिजन पिस्टन वितळवतो. ज्वलन जलद होत असल्यामुळे ठिणगीही मागे घ्यावी लागते. दर पन्नास अश्वशक्तीमागे सुमारे दोन अंश, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. शिवाय इंजिनाचे फेरे मंद असताना वायू सोडायचा नाही, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला नसेल तर मुळीच सोडायचा नाही. यासाठी खास स्विच बसवलेले असतात. गंमत अशी, की बटण दाबले तरी वायू जाऊ नये याचीच बहुतेक व्यवस्था या गाडीत केलेली असते.

खरे काम सुरू होते ते धाव संपल्यावर. चालकाच्या हाती एक छापील चिठ्ठी येते. तीवर प्रतिसादाचा वेळ असतो, मग ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट, १००० फूट आणि अखेरच्या रेषेपर्यंतचे वेळ, आणि शेवटचा वेग. हे घड्याळ हिरव्या दिव्याने सुरू होत नाही; चाक प्रकाशकिरणातून बाहेर पडते तेव्हा सुरू होते. त्यामुळे दिव्याकडे बघत बसलेल्या चालकाचा धावेचा वेळ बिघडत नाही, शर्यत मात्र जाते.

समजा, एका धावेत ६० फुटांना २.१० सेकंद लागले, अखेरचा वेग ताशी ११५ मैल आणि एकूण वेळ १२.५ सेकंद. मालकाने नायट्रसचे जेट थोडे मोठे बसवले. पुढच्या चिठ्ठीत वेग ११७ झाला. वेळ मात्र १२.६! नवखा म्हणेल, जेट आणखी मोठे हवे. जाणता वाचक ६० फुटांच्या आकड्यावर बोट ठेवील: तेथे २.३० आहे. ताकद वाढली याची साक्ष वेग देतो. ती जमिनीत उतरली नाही, चाके जागच्या जागी फिरली, याची साक्ष पहिला आकडा देतो. पहिल्या साठ फुटांत गमावलेला दशांश सेकंद शेवटी साधारण दीडपट होऊन पुढे येतो. येथे उपाय आहेत ते टायरमधली हवा कमी करणे, किंवा वायू अर्धा-पाऊण सेकंद उशिरा सोडणे. वेळ सुधारते ती आवरून धरल्याने.

मग प्लग काढून भिंगाखाली पाहायचा. त्याच्या वाकलेल्या पट्टीवर उष्णतेची खूण कोठवर चढली आहे, यावरून ठिणगीची वेळ कळते. पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचे असतात, आणि त्या दिवशी पुढची धाव घ्यायची नसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम यातूनच येतो; दोन बदलल्या तर चिठ्ठी कशाविषयी बोलते आहे हेच कळेनासे होते.

आमचे म्हणणे एवढेच, की वाचन म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना सांगताना आपण या चिठ्ठीची आठवण ठेवावी. आपल्या परीक्षणांत 'झपाटून टाकणारे', 'वेगवान', 'श्वास रोखून धरायला लावणारे' ही विशेषणे सढळ हाताने वाटली जातात. हे सगळे अखेरच्या वेगाचे आकडे झाले. कादंबरी पहिल्या साठ फुटांत कोठे घसरली, तिसऱ्या प्रकरणात भर घातली म्हणून सातवे का कोसळले, हे दाखवणारे परीक्षण विरळा. कारण उघड आहे: आपण चुकीचे वाचले तर आपला काही पिस्टन वितळत नाही. वर्गात चुकीचे वाचन 'वेगळा अन्वयार्थ' म्हणून खपते (आणि कधी कधी ते तसे असतेही, हे मान्य). पण ज्या वाचनाची किंमत त्याच संध्याकाळी मोजावी लागते, त्याची शिस्त काही निराळी असते. साहित्याच्या अध्यापकाने ती गॅरेजकडून घ्यायला संकोच वाटू नये.

उलट दिशेनेही एक तक्रार आहे. बटणाची कथा पाहून हमरस्त्यावर गाडी पिटाळणाऱ्या मुलांना चिठ्ठीची कथा कोणी सांगितलेली नसते. तेथे किरण नसतात, साठ फुटांचा आकडा नसतो आणि समोरून येणारा माणूस असतो.

धावपट्टीवर तेवढ्यात पुढच्या फेरीची तयारी चाललेली असते. बाटली गरम करून दाब दर चौरस इंचाला ९०० ते १००० पौंडांच्या दरम्यान आणायचा. जास्त झाला तर वायू वाढतो आणि पेट्रोल तेवढेच राहते. किती वायू शिल्लक आहे हे मात्र दाबमापक सांगत नाही, कारण आत द्रव आहे तोवर काटा फारसा हलत नाही. त्यासाठी बाटली काढून वजनकाट्यावर ठेवावी लागते, आणि वजन वहीत लिहून घ्यावे लागते.