‘च’चा निश्चय आणि आपली समीक्षा

आपले व्याकरण ‘च’ची शुद्ध शब्दयोगी अव्ययांत नोंद करते, त्याला ‘निश्चयार्थक’ ठरवते आणि पुढे सरकते. हा निर्वाळा अपुरा आहे. ‘मीच कविता वाचली’ यात इतर वाचकांचा निषेध आहे; ‘मी कविताच वाचली’ यात इतर वाङ्मयप्रकारांचा; ‘मी कविता वाचलीच’ हे शंका घेणाऱ्याला दिलेले उत्तर आहे. ‘तो आलाच तर’ येथे तर निश्चय उलटून संशय होतो. ‘उगाच’, ‘नुकताच’ यांत ‘च’ शब्दातच मुरून गेला आहे. ज्ञानेश्वरीतल्या ‘चि’पासून चालत आलेल्या या अक्षराला एका विशेषणात कोंडता येत नाही.

लिपीही येथे साहाय्य करीत नाही. ‘चिंच’मधला पहिला ‘च’ तालव्य, दुसरा दंततालव्य. चिन्ह मात्र एक. तरीही ‘मराठी बोलतो तशीच लिहितो’ असे आपण वर्गात सांगतो आणि या विधानातला ‘च’ तपासत नाही.

प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. ‘ही कविता आहे’ हे विधान त्या कवितेच्या वाचनातून पटवता येते. ‘हीच कविता आहे’ असे म्हणताना आपण न वाचलेल्या कवितांवरही निकाल देतो. दलित आणि ग्रामीण लेखनाला असे निकाल पुष्कळदा ऐकावे लागले, आणि त्यांमागे या एका अक्षराखेरीज पुरावा नव्हता. शैलीविज्ञानाची परिभाषा आयात करणाऱ्या समीक्षकांनी प्रथम या अक्षराचा हिशेब द्यावा. निष्कर्षातला ‘च’ खोडून उरलेले विधान आधी सिद्ध करावे. ‘च’ त्यानंतर कमवावा.