परसातली मोटार

मैत्रिणींनो, आज मोटारीची गोष्ट सांगणार आहे, म्हणून लगेच पान उलटू नका. लोणच्याची बरणी आणि लोकरीचे टाके पुढच्या आठवड्यात आहेतच. आजच्या गोष्टीतही एक गृहिणी आहे, ती नोकरी करणारी आहे, आणि घरात वर्षानुवर्षं जागा अडवून बसलेली एक भलीमोठी वस्तू आहे. म्हणजे विषय आपलाच झाला की नाही?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किर्नन नावाचं एक जोडपं राहत होतं. १९७४ साली नवऱ्यानं मोटारींच्या एका मासिकात छोटीशी जाहिरात वाचली आणि सहा हजार डॉलर मोजून एक जुनी गाडी घरी आणली. तेव्हाच्या दरानं आपले अठ्ठेचाळीस हजार रुपये म्हणा. गाडी फोर्डची मस्टँग, १९६८ चं मॉडेल, रंग गडद हिरवा. तिला एक पूर्वायुष्य होतं. १९६८ साली आलेल्या 'बुलिट' या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन या नटानं हीच गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून पळवली होती. जवळजवळ अकरा मिनिटांचा तो पाठलाग, एकही संवाद नाही, पाठलाग रंगात आल्यावर संगीतसुद्धा नाही, नुसता इंजिनांचा आवाज. घरातल्या मुलांना विचारा, मोटारवेडी असतील तर अजूनही सांगतील.

अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. साध्या, परवडणाऱ्या सांगाड्यात भलंथोरलं इंजिन बसवायचं, की झाली मसल कार. या मस्टँगचं इंजिन ६.४ लिटरचं होतं. आपल्या जुन्या पद्मिनी फियाटचं जेमतेम १.१ लिटर. म्हणजे एका बॉनेटखाली सहा फियाटी! पण १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला, विम्याचे हप्ते चढले, धुराचे नियम कडक झाले आणि या पेट्रोलपिऊ गाड्या लोकांना नकोशा झाल्या. कुणी मातीमोल भावानं विकल्या, कुणी शेतावरच्या कोठारात ढकलून वरून ताडपत्री टाकली. पुढं चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच गाड्यांना सोन्याचं मोल आलं. तिकडच्या खेडोपाडी जुन्या कोठारात गाडी सापडली की शौकीन लोक अजूनही धावत सुटतात.

आता आपल्या बाईंकडे येऊ. किर्ननबाई शाळेत शिक्षिका होत्या, आणि ही गाडी त्या शाळेत जायला यायला वापरायच्या. मला हे वाचून इतकी गंमत वाटली! साऱ्या जगातले मोटारवेडे जिच्यासाठी जीव टाकतील ती गाडी, आणि माझ्या डोळ्यांपुढे येतं ते मागच्या सीटवर वह्यांचे गठ्ठे, शेजारी डबा, आणि तो जड क्लच दाबत वेळेत शाळा गाठायची धांदल. या गाडीबद्दल जे छापून आलं त्यात नट आला, गाडी विकत घेणारा नवरा आला, पुढं मुलगाही आला. बाईंचं नाव यायचं ते ओझरतं. पण या घरात आल्यावर तिला खऱ्या अर्थानं राबवलं ते बाईंनीच.

१९७७ च्या डिसेंबरात खुद्द मॅक्वीनचं पत्र आलं. माझी जुनी गाडी मला परत द्या, मला ती चित्रपटात होती तशीच ठेवायची आहे, नवीकोरी करायची नाही. तुम्हाला तशीच दुसरी मस्टँग शोधून देतो, मात्र फार पैसे पडणार असतील तर विसरून जाऊ, असा पत्राचा मतलब. एवढा मोठा नट! आपण असतो तर काय केलं असतं, खरं सांगा. किर्नन मंडळींनी गाडी दिली नाही. पत्र मात्र जपून ठेवलं. ही बारीकशी गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचं काम आहे.

१९८० साली गाडीचा क्लच गेला. तोवर ती सुमारे पासष्ट हजार मैल चालली होती. दुरुस्त करू, अशा विचारानं ती गॅरेजमध्ये उभी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅक्वीन वारला. मग तुम्हाला-मला ठाऊक आहे तेच झालं. मुलं लहान, बदल्या, घरं बदलणं, आज करू, उद्या करू. प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर गाडीही हलली आणि शेवटी टेनेसी राज्यात नॅशव्हिल गावाजवळ येऊन थांबली. शोधणारे लोक होतेच, पण घरच्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. २००१ च्या सुमाराला बापलेकांनी काम हाती घेतलं, तेही रखडलं. २०१४ साली वडील गेले. गाडी पुन्हा सुरू झालेली त्यांनी पाहिली नाही.

वाचता वाचता मी इथं थांबले. आमच्याकडे सासऱ्यांची लॅम्ब्रेटा होती. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, सरपण आणि फुटक्या कुंड्यांच्या मागे. मामंजी दर रविवारी म्हणायचे, "यंदा हिला सुरू करायची." ते गेल्यावर एका दिवाळीत मी साफसफाई काढली आणि एका जुन्या पत्र्याच्या पेटीतले कागद बघून न बघितल्यासारखे करून रद्दीत घातले. त्यातच स्कूटरचं आरसी बुक होतं. पुढं दिरांनी हौसेनं ती दुरुस्त करायला काढली तेव्हा हा घोळ बाहेर आला. दीर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

किर्ननांच्या मुलानं, शॉननं, वडिलांच्या पश्चात इंजिन दुरुस्त करून गाडी चालती केली. पण वरच्या पत्र्याला हात लावला नाही. उडालेला रंग, गंजाचे डाग, सगळं जसंच्या तसं. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरे बसवायला खाली डकवलेले लोखंडी तुकडेही तसेच होते. हीच ती गाडी, हे त्या तुकड्यांनी, चासी नंबरानं आणि जपलेल्या कागदांनी सिद्ध झालं. आणि ते पत्र! जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात लिलाव झाला. चौतीस लाख डॉलरवर हातोडा पडला, वरचा आकार धरून सदतीस लाख चाळीस हजार. आपल्या पैशात सव्वीस कोटींच्या घरात.

याच चित्रपटासाठी वापरलेली दुसरी मस्टँग २०१७ मध्ये मेक्सिकोत सापडली. तिचा रंग बदललेला, इंजिन गायब. दोघी बहिणीच, पण एकीला बरं घर मिळालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावच्या वाड्यात कुठली आलीये मस्टँग? नसेल. पण वडिलांची फियाट, आजोबांची जीप, काकांची जावा असेल. तिच्यातून कोटी निघतील असं स्वप्न मात्र पाहू नका. ती किंमत सिनेमाची होती, नुसत्या लोखंडाची नव्हे. त्याच सालच्या इतर मस्टँग याच्या कितीतरी कमी भावात विकल्या जातात. तरीही भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थोडं ऐका.

पहिलं म्हणजे गाडी धुऊ नका, पुसू नका. आहे तशी चारी बाजूंनी फोटो काढा. हौशी पुतण्या रंगाचा डबा घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जुन्या पैठणीचे काठ कापून नव्या कापडाला लावले की काठ उरतात, पैठणी जाते. तसंच आहे हे. किल्ली फिरवून सुरू होते का, हेही पाहायचं नाही. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन त्याचा चिकट गाळ झालेला असतो, उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात, इंजिन अडकलेलं असू शकतं. आधी बॅटरी काढायची, जुनं पेट्रोल मेकॅनिककडून काढून घ्यायचं, गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवायची म्हणजे टायरवर भार येत नाही. वर प्लॅस्टिक घालू नका, आत ओल धरते आणि पत्रा सडतो. जुनी सुती चादर चालेल. आणि शेडमध्ये पायात चप्पल-बूट घालून, हातात बॅटरी घेऊन जा. तिथे उंदीर असतात, आणि उंदीर असले की त्यांच्या मागावर येणारा पाहुणाही असतो.

कागद मात्र आजच शोधा. आरसी बुक, विम्याच्या जुन्या पावत्या, गाडीपाशी उभं राहून काढलेला एखादा फोटो, सगळं एका पाकिटात. चासी नंबर आणि इंजिन नंबर वहीत उतरवून ठेवा. मालक हयात नसतील तर गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते, आणि ते काम जितकं लांबवाल तितकं किचकट होतं. २०२१ पासून आपल्याकडेही पन्नास वर्षांवरच्या, फारसा फेरफार न झालेल्या खाजगी गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार ठरवली गेली. फी थोडी नाही, तेव्हा घरात सगळ्यांनी बसून ठरवा. ठेवायची की द्यायची, काहीही ठरलं तरी चालेल. पण ज्यांची ती गाडी आहे ते घरात असतील, तर त्यांच्यासमोर ठरवा. जमलं तर एकदा त्यांना शेडपर्यंत धरून न्या आणि खुर्ची टाकून बसवा. इंजिन सुरू झालं नाही तरी हॉर्न वाजतो का, हे त्यांनाच पाहू द्या.

शेडचं कुलूप गंजलं असेल तर हातोडी घेऊ नका. शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब आत सोडा, रात्रभर राहू द्या, आणि सकाळी किल्ली हलक्या हातानं मागेपुढे फिरवा.